पट्टीखालचा आकडा

बसा मित्रांनो, टेकून बसा. माझा आवाज मोठा नाही आणि दमही फार उरलेला नाही, म्हणून जरा जवळ या. लांबून बघणाऱ्याला मी पालथा घातलेला वाडगा वाटतो. मागं एका पोरीनं मला कासव म्हटलं होतं. तिचंही फार चुकलं असं नाही. पाठ कडक, पोटात सगळं मऊ. पण कासव चालतं तरी, मला तेही जमत नाही.

शिपायाच्या डोक्यावर लोखंडी हेल्मेट असतं ना, त्याच्या आत आणखी एक हलकी टोपी असते. नुसतं लोखंड घातलं तर ते डोक्याला सोलून काढेल, म्हणून मध्ये आम्हाला घालतात. आम्हाला लायनर म्हणतात. तसला मी एक जुना लायनर. पन्नाशी कधीच उलटली. या वयात माणसाच्या गुडघ्यांची जी गत होते, ती माझ्या चामड्याची झालीय.

माझा जन्म झाला एका लांबलचक शेडमध्ये. तिथं राळेचा वास असा कोंदलेला असायचा की कामावरच्या बाया घरी गेल्या तरी त्यांची पोरं नाक मुरडायची. जाड कॅनव्हासचे तुकडे राळेत भिजवायचे, एकावर एक रचायचे, आणि तापलेल्या साच्यात घालून वरून दाबायचे. आत कापड जायचं, बाहेर टोपी यायची. मग एक बाई कडा तासायची, दुसरी रंग मारायची, तिसरी समोर मधोमध बारीक भोक पाडायची. त्या भोकात शिपायाचा बिल्ला बसायचा. पोटात वाळल्या गवताच्या रंगाच्या सुती पट्ट्या, त्या लोखंडी चकत्या लावून रिबिटांनी ठोकलेल्या. कपाळाला टेकते तिथं चामड्याची पट्टी. आणि आत टाळूवर कारखान्याचा छाप. झालं माझं बारसं.

पुढं मला एका लोखंडी हेल्मेटात बसवलं. आमचं दोघांचं नातं म्हणजे जावा-जावांचं. कौतुक सगळं थोरलीचं, राबणूक धाकटीची. फोटोत ते, चकाकायचं ते, घाम प्यायचो मी. फक्त दाढीचं पाणी तापवायची वेळ आली की मला बाजूला काढून त्याला चुलीवर ठेवायचे. तेव्हा मी गवतात पडून जरा गार वाऱ्याला बसायचो. तेवढीच काय ती मजा.

ज्या डोक्यावर मी चढलो त्याला पलटणीत सगळे हळू म्हणायचे. खरं नाव हजेरीपुरतं. हळू जेवायचा हळू, चालायचा हळू, बुटांची नाडी बांधायचा तर हवालदार म्हणायचा की तुझी गाठ बसेस्तोवर लढाई संपेल आणि आम्ही पेन्शनीत निघू. हा नुसता हसायचा. रागावणं पण त्याला हळूहळूच यायचं, आणि येईपर्यंत तो कशावरून रागावणार होता तेच विसरलेला असायचा. त्याला एक थोरली बहीण. तिची पत्रं यायची. पत्र चार ओळींचं असलं तरी हा अर्धा तास वाचायचा, मग माझ्या पट्ट्यांच्या मागं खोचून ठेवायचा. त्यामुळं तिचं घर, तिचं सुया-दोऱ्याचं आणि बटणांचं छोटं दुकान, तिचं लग्न, तिची लेक, हे सगळं मला तिला बघायच्या आधीच पाठ झालं होतं. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीपण म्हणतो.

आपली टोपी ओळखू यावी म्हणून बाकीचे शिपाई चामड्यावर शाईनं आपला नंबर लिहायचे. दोन दिवसांत घामानं शाई पसरायची आणि मग सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या निळ्या. हळूनं एक खिळा शोधला. उजव्या बाजूच्या पट्टीशेजारी, माझ्या अंगातच, त्यानं आपला नंबर कोरला. तीन संध्याकाळी लागल्या. सहा आकडे. दुखलं का म्हणाल तर दुखलं. पण एवढ्या निगुतीनं माझ्याशी कुणी आधी वागलंही नव्हतं.

चौदा महिने मी त्याच्या डोक्यावर होतो. त्याच्या केसांनी आणि घामानं माझ्या टाळूवरचा छाप पार पुसून टाकला. मग ती पुलावरची सकाळ आली. त्या सकाळचं मी फार बोलत नाही. तुम्ही लहान आहात म्हणून नव्हे, मीच दमतो. एवढंच सांगतो की त्या दिवशी हळू सगळ्यांच्या पुढं होता. का, ते त्यालाच ठाऊक. तो पडला तेव्हाच गेला होता. त्याचं डोकं माझ्यात होतं, मला कळतं. मग तो नदीत गेला आणि मी काठावर राहिलो. पट्ट्या तुटलेल्या, चामडं फाटलेलं. नदीनं त्याला परत दिलं नाही. पलटणीच्या कागदावर त्याच्यापुढं "बेपत्ता" असं लिहिलं गेलं, आणि तोच शब्द ताईच्या घरी पोचला.

लोखंडी हेल्मेट धुऊन पुसून दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलं. मी गेलो दुरुस्तीच्या ढिगात. तो ढीग म्हणजे काय सांगू. छताला टेकलेला. वरचे दुरुस्त होऊन जायचे तोवर वरून नवे पडायचे, आणि खालचे तसेच दबलेले. दोन वर्षं मी तळाशी होतो. वर लढाई संपली, माणसं घरी गेली, मला पत्ता नाही.

शेवटी एकदा उजेड दिसला. दुरुस्तीच्या बाकावर एक बाई बसायची. अंगानं दणकट, म्हणून सगळे तिला मोठी बाई म्हणत. दिवसाला साठ लायनर करायचे असा नेम. तिनं माझ्या जुन्या पट्ट्या काढल्या, गंजक्या लोखंडी चकत्या काढल्या, समोरचं भोक पुटी भरून बुजवलं. नव्या पद्धतीत तसलं भोक ठेवतच नव्हते. वरून रंगाचा हात मारला. आता नव्या पट्ट्या बसवायच्या. त्या आल्या होत्या हिरव्या, आणि चकत्या पितळी. तेवढ्यात तिचं बोट त्या आकड्यांवर अडलं.

ती मला घेऊन मुकादमाकडं गेली. मुकादम म्हणाला, आकडे वाचत बसलीस तर साठ कधी होणार, ठोक आणि पुढं सरक. मोठी बाई तिथंच उभी राहिली.

"मुकादम, याच्यात डोकं होतं कुणाचं तरी," ती म्हणाली.

मुकादमानं हात झटकला. ही बया तरी मुकाट बसणारी नव्हती. तिनं चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत कोठारवाल्याला गाठलं. त्यानं रजिस्टरं उलटीपालटी केली आणि हळू सापडला. आकडा आणखी घासला जाऊ नये म्हणून मोठ्या बाईनं नवी पट्टी थोडी सरकवून बरोबर त्याच्यावर बसवली. जखमेवर फडकं बांधावं तशी. चामडंही नवं लावलं. कोठारवाल्याला तिनं बजावून सांगितलं की आकडा पट्टीखाली आहे आणि पट्ट्या नव्या घातल्यात, हे लिहा. कोठारवाला मान हलवून हो म्हणाला. पण त्याच्यापुढं अशी पन्नास पार्सलं होती. त्यानं चिठ्ठीवर एवढंच लिहिलं की आपल्या भावाची वस्तू पाठवत आहोत. दोन ओळी जास्त लिहायला किती वेळ लागतो, मित्रांनो? तेवढा वेळ त्याला नव्हता.

असा मी ताईच्या घरी आलो. दोन वर्षं ती वाट बघत होती. पार्सल उघडलं, मला मांडीवर घेतलं. मग उठली, दाराच्या मागं खुंटीला भावाचा कोट लटकत होता तो काढला, झटकला, घडी केली आणि शेजारच्या गरजू माणसाला देऊन आली. त्या दिवशी तिनं वाट बघणं थांबवलं. मला बघूनच. दुसरा पुरावाच नव्हता ना तिच्याकडं.

पुढची वर्षं मी कपाटाच्या वरच्या फळीवर काढली. महिन्यातून एकदा ती मला मऊ फडक्यानं पुसायची. खाली दुकानात गिऱ्हाईक, वर मी. तिला बटणांचा असा सराव झाला होता की डबीत हात घालून, न बघता, चार भोकांचं आणि दोन भोकांचं वेगळं काढायची. नवरा गेला, लेक शहरात नांदायला गेली, दुकान बारीक होत गेलं. तिनं कुरकुर केली नाही. मीपण केली नाही. आम्ही दोघं सोबतीनं जुने झालो.

मग तिच्या डोळ्यांनी दगा दिला. डाव्यानं आधीच हात टेकले होते, आता उजवाही कडेकडेनं अंधारायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे, ऑपरेशन करा, गेलेलं परत येणार नाही पण उरलेलं वाचेल. उशीर मात्र करू नका. लेक येऊन आईचं सामान बांधायला लागली. आठवड्यानं ऑपरेशन, त्यानंतर ताईनं कायमचं लेकीकडंच राहायचं, असं ठरलं. सामानात मी निघालो तेव्हा लेकीला दिसलं की माझं चामडं तडकलंय. गावातल्या हॉलमध्ये त्या रविवारी जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचा मेळावा होता. तिथं विचारू म्हणून दोघी मला पिशवीत घालून घेऊन गेल्या.

आता भिंगवाल्यांचं ऐका. हा माणूस आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून थकलेला. त्याच्या डोळ्यात ते घड्याळजीचं भिंग असं बसलेलं असायचं की झोपतानाही काढत नसेल असं वाटावं. लष्करी टोप्या आणि लायनर ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लोक टेबलाभोवती कोंडाळं करून उभे. त्याची एक ठरलेली रीत होती. आधी पट्ट्यांचा रंग, मग चकत्या, मग चामडं, मग टाळूवरचा छाप. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढायचा, पोटाचा, पाठीचा आणि समोरचा. आणि साल सांगायचा. सांगितलं की कोंडाळ्यातून वा वा. माणूस वाईट नव्हता हो. पण वा वा ऐकायची सवय लागली की माणूस भरभर बघायला लागतो.

ताईनं मला टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "या चामड्याला काय लावू? तडे जातायत."

भिंगवाल्यांनी तोवर मला उलटा केला होता. कुठनं आणलंत, म्हणाले. तिनं सांगितलं की भावाचा आहे, पुलावरच्या लढाईत गेला तो. त्यांनी फोटो काढले, भिंग डोळ्याला चिकटवलं आणि जिभेनं च् केलं.

"बाई, हा तुमच्या भावाचा नाही. हिरव्या पट्ट्या, पितळी चकत्या. हे सगळं लढाई संपल्यावर सुरू झालं. तुमचा भाऊ गेला तेव्हा हा जन्मलाच नव्हता."

"मग हा कुणाचा?"

"कोठारातला असेल कुठला तरी. पार्सल भरायला उचलला असेल. व्हायचं तसं तेव्हा."

कोंडाळ्यानं माना डोलावल्या आणि भिंगवाल्यांनी पुढची वस्तू ओढली. मित्रांनो, मी आयुष्यात बरंच सोसलंय. साच्यात भाजलो, ढिगाखाली चेंबलो. पण त्या टेबलावर तोंड नसल्याचं जेवढं दुःख झालं तेवढं कधी झालं नव्हतं. पट्टी उचला, एवढेच दोन शब्द पाहिजे होते. आणि चामड्याला काय लावायचं ते राहिलंच. तिनं विचारलं होतं ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारलं नव्हतं ते साऱ्या गर्दीत सांगून टाकलं.

वाटेत लेकीला वाटलं, आईला वाईट वाटलंय, होईल कमी. पण ताईच्या मनात दुसरंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी लेक बघते तर आईनं बांधलेलं सामान सोडलेलं. ट्रंक रिकामी. कपडे परत कपाटात. लेक म्हणाली, आई, हे काय, ऑपरेशन आठवड्यावर आलंय.

"पुढं ढकल," ताई म्हणाली. "हा त्याचा नाही. म्हणजे तो गेला असं सांगणारं काहीच आलेलं नाही आपल्याकडं. बेपत्ता एवढंच आलंय."

लेक जपून म्हणाली, "अगं आई, मामा असता तर आज बहात्तरचा असता."

"म्हणजे माझ्यापेक्षा लहानच की."

लेक भांडली, रडली, डॉक्टरला फोन लावून आईच्या हातात दिला. ताईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मी दवाखान्यात पडले आणि तो आला तर त्याला दार कोण उघडेल. तो हळू आहे, म्हणाली. त्याला वेळ लागतो.

तेव्हापासून त्या घराचा नूर पालटला. दाराला दिवसा कडी नाही. बाहेरची पाटी नवीन रंगवून घेतली, म्हणजे लांबून वाचता यावी. जेवायला बसली तरी खुर्ची दाराकडं तोंड करून. गिऱ्हाइकाचं पाऊल वाजलं की तिची मान वर. आणि मी? मला तिनं फळीवरून काढून जिन्याखालच्या खोक्यात टाकलं. रागानं नव्हे. मी आता तिच्या भावाचा नव्हतो ना, मग मला पुसायचं कशाला. तिथं फुटक्या इस्त्रीशेजारी मी पडून होतो आणि रोज ऐकत होतो. आधी ती चालताना सरळ चालायची. मग टेबलाच्या कोपऱ्याला लागायला लागली. मग भिंतीला हात लावून. दिवस जातील तसा तिचा हात भिंतीवरून जास्त लांबवर सरकत जायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तिनं लष्कराच्या कचेरीला पत्र लिहून घेतलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की ही वस्तू आपल्या भावाची नाही असं जाणकाराच्या सहीनं लिहून द्या, मग जुनी फाइल उघडता येईल. लेकीनं हे वाचून दाखवलं आणि डोक्याला हात लावला. ताई मात्र खूश. लगेच भिंगवाल्यांना पत्र, की एवढी सही द्या, सोबत कचेरीचा कागद. भाऊ कुठं असेल त्याचा आता शोध लागेल, असंही तिनं त्यात लिहिलं. लेकीनं त्याच पाकिटात, आईला न सांगता, एक ओळ घातली, की या वाटेपायी आईचा डोळा चाललाय.

मेळाव्याला सात महिने झाले होते तेव्हा एका दुपारी भिंगवाले दारात आले. कडी नव्हतीच. पाऊल वाजताच ताई उठून उभी राहिली, आणि आवाज ऐकून परत बसली. आता तिला माणसाचा फक्त आकार दिसायचा. लेक तेव्हा घरात होती. तिनं चहा ठेवला, पण बसा म्हणाली नाही. भिंगवाले उभेच.

"सही आणलीत?" ताईनं विचारलं.

त्यांनी आणली नव्हती. त्यांनी सांगितलं ते असं. कागद लिहून झाला होता, नुसती सही उरली होती. तोंडानं साल सांगताना कधी अडलं नव्हतं, पण सही करताना हात अडला. एकदा बघून घेऊ म्हणून माझे फोटो मोठे करून पाहिले. तर पितळी चकत्यांच्या भोवती तांबडा डाग. पितळ बिघडलं तर हिरवं पडतं. तांबडा गंज लोखंडाचाच. म्हणजे आधी तिथं लोखंडी चकत्या होत्या. मग समोरचा फोटो बघितला तर रंगाखाली बुजवलेलं भोक दिसलं. तसलं भोक जुन्या लायनरलाच असायचं. पट्ट्या नव्या होत्या, टोपी नव्हे. आणि ते सगळं बघायचं सोडून ते पट्ट्या बघून मोकळे झाले होते.

"त्याला परत बघू द्या," ते म्हणाले. "भावाचा आहे की नाही ते मला अजून ठाऊक नाही. पण मी म्हणालो ते खोटं होतं."

लेकीनं मला खोक्यातून काढलं. फुंकर मारून धूळ उडवली. भिंगवाल्यांनी खिशातून पक्कड काढली आणि ताईला विचारलं, एक पट्टी सोडवू का. मागच्या वेळी त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

"सोडवा," ताई म्हणाली.

घड्याळजीचाच हात तो. डावीकडची पट्टी सोडवली, खाली काही नाही. दुसरी सोडवली, काही नाही. तिसऱ्या पट्टीचं रिबीट सैल केलं, पट्टी हळूच बाजूला केली, भिंग लावलं, आणि त्यांचा श्वास माझ्या पोटात अडकला. इथं आकडे आहेत, म्हणाले. वाचून दाखवायला तोंड उघडलं तर ताईनं हात पुढं केला.

"थांबा. मला द्या."

बटणं ओळखणारं ते बोट. मोठ्या बाईनं झाकून ठेवलं होतं म्हणून सगळे आकडे धारदार राहिले होते. ताईनं पहिल्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि तो बोलली. दुसऱ्यावरून फिरवलं आणि बोलली. तिसऱ्यापर्यंत बोट पोचायच्या आतच तिनं पुढचे चारही सांगून टाकले. चौदा महिने प्रत्येक पाकिटावर तिनंच तो नंबर लिहिला होता. भिंगवाल्यांनी बघितलं. एकही चुकला नव्हता.

 चहा उतू गेला, तो वासानं कळला, पण लेकही उठली नाही. ताईचं बोट शेवटच्या आकड्यावरच होतं.

"सात महिने मी त्याला म्हातारा करत होते," ती म्हणाली. "केस पांढरे केले. दात पाडले. काठी दिली हातात. आज परत बावीसचा झाला."

भिंगवाले खाली बसले, जमिनीवरच. "ताई, माझं चुकलं."

"तुम्हाला मी साल विचारलंच नव्हतं हो," ताई म्हणाली. तेवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याचं जेवढं उरलं होतं तेवढं वाचलं. समोरच्या माणसाचा चेहरा जवळ आणला तर दिसतो. खिडकी दिसते, काळं बटण पांढऱ्या कापडावर दिसतं. त्या सात महिन्यांत जे गेलं ते गेलं. डॉक्टर म्हणाला, वेळेवर आला असतात तर रस्ता ओलांडता आला असता. आता लेक हात धरून ओलांडून देते. ताई तिच्याकडंच राहते. तिथं जायच्या आदल्या दिवशी तिनं मला शेवटचं पुसलं आणि स्वतःच भिंगवाल्यांच्या हवाली केलं. माझ्या फळीवर नको, म्हणाली, तुमच्या टेबलावर ठेवा. तिसरी पट्टी सोडलेलीच राहू द्या.

म्हणून मी इथं आहे. मेळावा भरला की टेबलाच्या मधोमध मला ठेवतात, पोट वर करून. लोक बोट लावून आकडा बघतात. भिंगवाले अजून साल सांगतात, पण आता आधी भिंग काढून खाली ठेवतात, समोरच्या माणसाकडं बघतात आणि विचारतात की तुम्हाला काय विचारायचंय. कधी कधी समोरचा म्हणतो, काही नाही, नुसतं दाखवायला आणलं. मग ते नुसतं बघतात. वा वा कमी झालं आहे. कोंडाळंही कमी झालंय.

मी थकलोय, मित्रांनो. साच्यापासून टेबलापर्यंत मला कुणी ना कुणी उलटं-सुलटं करतच आलंय. पण तुमच्यातलं कुणीतरी उद्या जुन्या वस्तू जमवेल, म्हणून सांगतो. पट्ट्या बदलतात, चकत्या बदलतात, रंग तर दर पाच वर्षांनी बदलतो. त्यावरून टोपीचं वय धरू नका. गंज कशाचा आहे ते बघा. बुजवलेलं भोक शोधा. दुरुस्त केलीत तर काय बदललं ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील. आणि नक्की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते ऐकून कुणी जेवण सोडत नाही. वस्तू आणणाऱ्याच्या हाताकडं बघा, ती कशी धरलीय त्यानं. मग तोंड उघडा.

बास झालं. आता मला जरा पडू द्या. उठताना तेवढा पडदा ओढून घ्या, ऊन थेट अंगावर येतंय.